आकाशाएवढं होताना कॅमेरा कुठे ठेवायचा?

१९८८ साली दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. मालिकेतला इतिहास अर्धामुर्धाच कळायचा. पण सुरुवातीचं गाणं लागलं की घरात सगळ्यांच्या हातातलं काम थांबायचं. आई लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, आधी संस्कृतात आणि मग वसंत देव यांनी केलेल्या हिंदी रूपात: सृष्टीच्या आधी सत् नव्हतं, असत् नव्हतं, अंतरिक्ष नव्हतं, आकाशही नव्हतं. वनराज भाटियांनी ते समूहस्वरात बांधलं होतं. पडद्यावर काय दिसायचं ते आज धड आठवत नाही. आवाज आठवतो, आणि तो ऐकताना अंगावर यायचा तो काटा आठवतो. दारातली आई, खिडकीतला उजेड, मी, टीव्हीच्या डोक्यावरचं क्रोशाचं कापड, सगळं एकाच सुताचं आहे असं क्षणभर वाटून जायचं. गाणं संपलं की ते जायचं आणि आई पोळ्यांकडे वळायची.

या भावनेसाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. अद्वैत म्हणा, एकरूपता म्हणा, तादात्म्य म्हणा. मला पडलेला प्रश्न जरा वेगळा आहे. सिनेमा आणि टीव्ही ही तर दिसणाऱ्या गोष्टी दाखवणारी माध्यमं. ‘मी आणि विश्व वेगळे नाही’ ही गोष्ट दिसत नाही. मग ती पडद्यावर उतरते कशी, आणि उतरवण्याचे बहुतेक प्रयत्न फसतात कशामुळे?

अडचण नेमकी कुठे आहे ते तुकोबांच्या एका अभंगावरून पटकन कळतं. ‘अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा’ हा अभंग भीमसेनांच्या आवाजात कानावर पडला नाही असं मराठी घर विरळाच. त्यात पुढे येतं, ‘सांडिली त्रिपुटी, दीप उजळला घटी’. त्रिपुटी म्हणजे पाहणारा, जे पाहिलं जातं ते, आणि पाहण्याची क्रिया. एरवी ही तीन वेगळी असतात: मी, समोरचं झाड आणि माझं झाडाकडे बघणं. ही तिघं जेव्हा वेगळी उरत नाहीत तेव्हा दिवा लागतो, असं तुकोबा सांगतात.

आता सिनेमागृह आठवा. खुर्चीत पाहणारा. समोर पडदा. मध्ये अंधार आणि प्रकाशाचा झोत. त्रिपुटी इतकी नीट मांडून ठेवलेली जागा दुसरी सापडणार नाही. शिवाय कॅमेरा हा नेहमी कशाच्या तरी बाहेर उभा असतो. काही टिपायचं तर त्यापासून थोडं लांब व्हावंच लागतं. म्हणजे जी भावना अंतर मिटल्यावर येते, ती दाखवायला हातात साधन आहे ते अंतर राखूनच चालणारं. या विषयावरचे सगळे चांगले चित्रपट या एका अडचणीशी झुंजताना दिसतात.

आधी भावनेविषयी थोडं. डिसेंबर १९२७ मध्ये फ्रेंच लेखक रोमां रोलां यांनी मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडना एक पत्र लिहिलं. फ्रॉइडचं धर्मावरचं पुस्तक नुकतंच आलं होतं, आणि धर्म हा माणसाचा भ्रम आहे असा त्याचा सूर होता. रोलांना तो सूर बराचसा मान्य होता, पण तुमच्याकडून एक गोष्ट निसटली, असं त्यांनी कळवलं. देवावर, ग्रंथावर विश्वास असो वा नसो, माणसाला कधी कधी अमर्याद अशा कशाशी तरी जोडलं गेल्याचं जाणवतं, आणि ती जाणीव समुद्रासारखी असते. (हेच रोलां पुढे रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांचे चरित्रकार झाले.) फ्रॉइडनी १९३० च्या आपल्या पुस्तकात या ‘सागरी’ भावनेची दखल घेतली आणि प्रांजळपणे कबूल केलं की मला स्वतःला ही भावना माझ्यात कुठे सापडत नाही. तरी त्यांनी तिचा उगम सुचवला. तान्ह्या बाळाला आपण कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते हे ठाऊक नसतं. भूक लागते, दूध येतं, कधी येत नाही. त्यातून हळूहळू ‘मी’ची कड तयार होते. ती कड पडण्याआधीचं काहीतरी काही जणांच्या मनात शिल्लक राहतं, ते म्हणजे हा समुद्र.

फ्रॉइडचं सगळंच मला पटत नाही, पण यातली एक गोष्ट धरून ठेवण्यासारखी आहे. ‘मी’ची सीमा आपण जन्मतः घेऊन येत नाही, ती शिकतो. आणि शिकलेली गोष्ट क्षणभर विसरताही येते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच अशा अनुभवांच्या चार खुणा सांगून ठेवल्या होत्या. अनुभव शब्दांत सांगता येत नाही. त्यातून आपल्याला काहीतरी खरंखुरं कळलं अशी खात्री वाटते. तो फार वेळ टिकत नाही. आणि तो आपण घडवत नाही, तो आपल्याला घडतो. या खुणा पडद्याशेजारी ठेवून पाहिल्या की सिनेमाचं बळ आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. थोडाच काळ टिकणं आणि आपण काही न करता घडणं, हे तर सिनेमाच्या स्वभावातच आहे. अंधारात हात मांडीवर ठेवून बसायचं आणि जे येईल ते येऊ द्यायचं. पण शब्दांत न सांगता येणारी गोष्ट आली की पटकथाकार घाबरतो आणि पात्राच्या तोंडी भाषण घालतो. घोटाळा होतो तो तिथे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण लिहिणारे आणि सिनेमा करणारे तो सारखा विसरतात. लहान वाटणं आणि एक वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लहान वाटण्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच अभ्यास झाला आहे. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडलं की भव्यतेने थक्क होण्यात दोन गोष्टी असतात: समोर आपल्यापेक्षा खूप मोठं काहीतरी असतं, आणि ते आपल्या डोक्यातल्या चौकटीत मावत नसल्यामुळे चौकटच बदलावी लागते. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पर्यटकांना कागदावर स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. काही जण योसेमिटीच्या दरीसमोर उभे होते, काही सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या धक्क्यावर. दरीसमोरच्यांनी स्वतःला लहान काढलं. कुणी सांगितलेलं नसताना पेन्सिलच आखूड चालली. याच धर्तीच्या प्रयोगांत खऱ्या दरीऐवजी बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’मधली दृश्यं दाखवूनही लोकांचा ‘मी’ आकसलेला आढळला आहे. म्हणजे पडद्यावरचा डोंगरसुद्धा काम करतो.

मेंदूत काय होतं? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१९ साली लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून अशीच भव्य दृश्यं दाखवली. आपण रिकामे बसलो की मन स्वतःभोवती फिरतं: काल ती असं का म्हणाली, उद्या हप्ता भरायचाय, माझं कसं होणार. या घोळण्यामागे मेंदूतलं एक जाळं काम करत असतं. लोक दृश्यात रमले तेव्हा त्या जाळ्याची हालचाल मंदावली. त्याआधी अँड्र्यू न्यूबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिबेटी पद्धतीचं ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूला, आपलं शरीर कुठे संपतं आणि जागा कुठे सुरू होते याचा हिशेब ठेवणारा भाग असतो. ध्यानाच्या भरात तिथली हालचाल कमी झालेली दिसली. कुंपण जागेवर असतं, राखणदार तेवढा पेंगतो, असं म्हणू या. यावरून अनुभव खोटा ठरत नाही, खराही ठरत नाही. गुलाब दिसताना मेंदूत काय होतं हे कळलं म्हणून गुलाब नाहीसा होत नाही.

तर पडदा माणसाला लहान सहज करू शकतो. मोठा पडदा, मोठा डोंगर, मोठा ढोल. पण लहान झालेला माणूस अजून वेगळाच असतो, फक्त कोपऱ्यात. तुकोबांच्या ओळीत दोन्ही टोकं एकदम आहेत, अणूहून लहान आणि आकाशाएवढा. नुसतं ‘अणुरणीया थोकडा’ झालं तर ती भीती. नुसतं ‘आकाशाएवढा’ झालं तर तो अहंकार. दोन्ही एका श्वासात म्हणणं पडद्याला कधी जमलंय का?

मला माहीत असलेल्या गोष्टींत ते सगळ्यात स्वच्छपणे जमलंय एका नऊ मिनिटांच्या लघुपटात. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९७७ मध्ये केलेला ‘पॉवर्स ऑफ टेन’. त्यात अभिनय नाही, कथा नाही. शिकागोच्या तळ्याकाठी एक जोडपं चटई अंथरून सहलीला आलंय. जेवण झालंय, पुरुष डोळे मिटून आडवा झालाय. कॅमेरा वरून एक मीटरची चौकट दाखवतो आणि वर सरकू लागतो. नियम एकच: दर दहा सेकंदांनी दहापट लांब. दहा सेकंदांत चटई आणि भोवतीचं गवत. आणखी दहा सेकंदांत बाग. मग किनारा, शहर, अख्खं तळं, पृथ्वी. मग चंद्राची कक्षा, सूर्य, सूर्याचे बाकीचे ग्रह, आणि मग कितीतरी वेळ फक्त काळोखातले तारे. शेवटी १० कोटी प्रकाशवर्षांवरून पाहताना आपली आकाशगंगा धुळीच्या कणासारखी. निवेदन करणारे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉरिसन शांतपणे सांगतात की हा रिकामेपणाच नेहमीचा आहे; आपल्या आसपासची गर्दी हा अपवाद.

दुसरा कुणी इथेच थांबला असता. पाहणारा पुरेसा लहान झालाच होता. पण कॅमेरा मागे फिरतो, झपाट्याने खाली येतो, चटईवर, त्या झोपलेल्या माणसाच्या हातावर, आणि थांबत नाही. कातडीत शिरतो. पेशी, पेशीचं केंद्रक, डीएनएची वेटोळी, कार्बनचा अणू. आणि अणूच्या आत पुन्हा तोच रिकामेपणा, मघाशी ताऱ्यांच्या मध्ये होता तसा. मग दूरवर अणुकेंद्राचा ठिपका. बाहेर जाताना जे दिसलं तेच आत जाताना दिसतं. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते कानावरून घरंगळून जातं. इथे ते मोजून दाखवलंय, शून्यं लावून. आणि एवढा वेळ तो माणूस शांत झोपलेला आहे, हे मला फार आवडतं. त्याला काही साक्षात्कार होत नाही. त्याच्या हातातच हे सगळं आहे आणि तो दुपारची झोप काढतोय.

हेच ईम्स जोडपं १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहून गेलं होतं. त्याच अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते साध्या लोट्याचं. कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो, त्यातून पाणी कसं पडतं, कुणा एका माणसाने न घडवता पिढ्यांनी तो कसा घडवला, यावर त्यांनी बारकाईने लिहिलंय. त्यांनी वेदान्त वाचला होता असं मला म्हणायचं नाही. पण लोट्याकडे इतकं टक लावून पाहणारी माणसंच पुढे असा लघुपट करतात, यात मला संगती वाटते. घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश हा दृष्टान्त आपल्याकडे शतकानुशतकं चालत आलाय. घट फुटला तर आतलं आकाश बाहेर पळून जात नाही, कारण ते वेगळं कधी नव्हतंच. वेगळी होती ती माती.

‘पॉवर्स ऑफ टेन’च्या आधी वीस वर्षं, १९५७ मध्ये, हॉलिवूडच्या एका स्वस्तातल्या भीतिपटात हेच अचानक उगवलेलं दिसतं. जॅक अर्नोल्ड यांचा ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’. एका विचित्र धुक्यातून गेल्यावर नायक लहान लहान होत जातो. आधी कपडे सैल होतात, मग बायको उंच दिसू लागते, मग घरची मांजर त्याच्या जिवावर उठते. तो तळघरात पडतो आणि तिथे टाचणीचा भाला करून कोळ्याशी लढतो. इथवर ठरलेला मसाला. पण शेवटी तो इतका लहान होतो की खिडकीच्या जाळीच्या छिद्रातून चालत बाहेर येतो. बाहेर रात्र आहे, वर तारे. तो आणखी लहान होत जाणार हे त्याला कळलंय, आणि त्याला भीती वाटत नाही. सूक्ष्म आणि अनंत ही एकाच वर्तुळाची टोकं आहेत, शून्य असं काही नसतं, मी अजून आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. ‘अणुरणीया थोकडा’ हे माझ्या डोक्यात आपोआप वाजतं तो हा प्रसंग. इथे भाषण आहे, तरी ते खटकत नाही, कारण ते कमावलेलं आहे. दीड तास या माणसाचं एकेक ‘माझं’ गळून पडताना आपण पाहिलेलं असतं.

शब्द पूर्ण टाळण्याची वाट स्टॅन्ली कुब्रिकने १९६८ मध्ये ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त घेतली. गुरूपाशी पोचलेला अंतराळवीर रंगीत प्रकाशाच्या बोगद्यात ओढला जातो तो प्रसंग. हा प्रकाश संगणकाने काढलेला नाही. चित्रपटाचे दृश्यपरिणाम करणाऱ्या डग्लस ट्रंबुल यांनी मागून उजेड सोडलेल्या चित्रांपुढे एक पातळ फट ठेवली, शटर उघडं ठेवून कॅमेरा त्या फटीकडे सरकवला, आणि तेवढ्या वेळात मागचं चित्रही हलवलं. प्रत्येक चौकटीत प्रकाश असा सारवला गेला. रांगोळीची रेघ बोटाने फासावी तसा. वस्तूला कड उरतच नाही. जिथे कड नाही तिथे ‘ते तिकडे, मी इकडे’ हा हिशेब डोळ्यांना मांडता येत नाही.

कानांनाही तिथे हेच होतं. जॉर्जी लिगेटी यांचं संगीत आहे. त्यात असंख्य आवाज एकमेकांना इतके चिकटून, इतके किंचित सरकत चालतात की एकही आवाज वेगळा काढून ऐकता येत नाही; एक धूसर, जिवंत ढग तेवढा ऐकू येतो. आपल्याला याची जवळची ओळख आहे. चांगला लागलेला तंबोरा ऐका. तारा चारच, पण त्या जुळल्या की कुठल्याही तारेवर न लावलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो कुठल्या तारेचा, असं विचारता येत नाही. सिनेमात एकरूपतेचा अनुभव अनेकदा डोळ्यांआधी कानांतून येतो, असं माझं मत आहे. माझ्या लहानपणीच्या त्या शीर्षकगीतातही समूहस्वरच होते.

हा चित्रपट एप्रिल १९६८ मध्ये आला तेव्हा अख्खी पृथ्वी एका नजरेत मावलेली कुणाही माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नव्हती. ते घडलं त्याच वर्षी डिसेंबरात. अपोलो ८ चे तीन अंतराळवीर चंद्राभोवती फिरत होते. २४ डिसेंबरला विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो घेतला, आणि त्याच रात्री यानातून थेट प्रक्षेपण जगभरच्या टीव्ही संचांवर गेलं. धूसर, करडं चित्र. पण त्या प्रवासातल्या प्रक्षेपणांत पाहणारे आणि दिसणारे एक झाले होते, हे विसरू नका. दूर तिकडे जे गोल दिसत होतं त्याच्यावर बसूनच लोक ते बघत होते.

अंतराळवीरांपैकी एडगर मिचेल यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. फेब्रुवारी १९७१, अपोलो १४. चंद्रावर चालून ते परत येत होते, मोठं काम संपलं होतं. सूर्याची उष्णता सगळीकडे सारखी लागावी म्हणून यान संथपणे स्वतःभोवती फिरत होतं. त्यामुळे खिडकीत दर दोन मिनिटांनी पृथ्वी, चंद्र, सूर्य एकामागून एक सरकत जायचे आणि पुन्हा यायचे. ते बघता बघता त्यांना जाणवलं की माझ्या शरीराचे, या यानाचे, माझ्या सोबत्यांचे कण जुन्या ताऱ्यांतच घडलेले आहेत. हे त्यांना पुस्तकातून माहीत होतंच. त्या दिवशी ते अंगात भिनलं, आणि सोबत आनंदाचा लोट आला. परतल्यावर हे काय होतं याचा शोध घेताना त्यांना नाव सापडलं ते संस्कृतात: सविकल्प समाधी. वस्तू वेगवेगळ्या दिसत असतात, तरी त्या एक आहेत असा अनुभव येतो, अशी अवस्था. मला त्या खिडकीचं अप्रूप वाटतं. चौकोनी चौकट, बाहेर काळोख, आणि संथ लयीत पुन्हा पुन्हा येणारी तीच तीन चित्रं.

मिचेल यांना जे खिडकीत कळलं ते खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० मध्ये ‘कॉसमॉस’ या १३ भागांच्या मालिकेतून घराघरांत पोचवलं: आपण ताऱ्यांच्या द्रव्याचे बनलेलो आहोत. हे वाक्य आता टी-शर्टवर छापलं जातं, पण ते काव्य म्हणून सांगितलेलं नव्हतं. विश्वाच्या आरंभी बनलं ते मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. कार्बन, ऑक्सिजन, कॅल्शियम, लोह हे नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झालं. बाळंतिणीच्या अंगात रक्त भरावं म्हणून आजी अळिवाचे लाडू वळते, त्या लाडवांतलं लोह कुठल्यातरी ताऱ्याच्या शेवटातून आलंय. सेगन टीव्हीवर भव्य काही दाखवण्यापेक्षा असं हातावर ठेवून सांगायचे. म्हणून ऐकणारा लहान होत नसे, नातेवाईक होत असे.

मालिकांचं बळ मला यातच दिसतं. टीव्ही घरात असतो, पडदा लहान असतो, भव्यतेचा मार तिथे चालत नाही. चालतो तो सहवास. ‘द गुड प्लेस’ ही मृत्यूनंतरच्या जगावरची विनोदी मालिका जानेवारी २०२० मध्ये संपली. तिच्या अखेरच्या भागात एक तत्त्वज्ञानाचा शिक्षक आपल्या प्रेयसीचा कायमचा निरोप घेण्याआधी तिला लाटेची गोष्ट सांगतो. लाट दिसते, तिची उंची मोजता येते, ती किनाऱ्यावर फुटते आणि जाते; पाणी राहतं, काही काळ ते त्या रूपात होतं इतकंच. हा दाखला तो बौद्ध विचारातला म्हणून सांगतो. आपल्याला तो संतांच्या तोंडून पाठ आहे. तरी डोळ्यांत पाणी येतं, कारण तो सिद्धान्त म्हणून आलेला नाही. उद्या सकाळी एकटीच राहणाऱ्या एका बाईसाठी तो आलेला आहे.

उलट, नायक किंवा नायिका झळाळून उठते आणि ‘मी सर्वत्र आहे’ असं जाहीर करते, असे शेवट मला पोकळ वाटतात. २०१४ च्या ‘लूसी’चा शेवट असाच आहे. तिथे ‘मी’ विरत नाही, फुगतो.

टेरेन्स मॅलिक यांचा ‘द ट्री ऑफ लाइफ’ २०११ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला, आणि कित्येकांना तो असह्यही झाला. त्यात एका आईला मुलाच्या मृत्यूची तार येते. ती विचारते, का? उत्तरादाखल दिग्दर्शक पंधरा-वीस मिनिटं विश्वाचा जन्म दाखवतो: वायूचे ढग, तप्त लाव्हा, पहिल्या पेशी, समुद्र. इथे पुन्हा ट्रंबुल होते, आणि पुन्हा टाक्यांत सोडलेले रंग, धूर, रसायनं. खरे द्रव खरेच मिसळत होते म्हणून ते दृश्य श्वास घेतं. कुणी म्हणेल, एका बाईच्या दुःखाचा आणि या सगळ्याचा काय संबंध? मला वाटतं तो संबंध फक्त आईच विचारू शकते, आणि चित्रपटाने तिचा प्रश्न तेवढा मोठा मानला.

आणि आता घरी येऊ. १९३६, पुण्याची प्रभात फिल्म कंपनी, दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कॅमेरा कुठे ठेवायचा, या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस गात असताना कॅमेरा बहुतेक वेळा समोर, शांत उभा असतो, आपण गाभाऱ्यापुढे उभे राहतो तसा. हे नाटकी, जुनाट तंत्र आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. आपण देवळात ‘बघायला’ जात नाही, ‘दर्शनाला’ जातो, आणि दर्शनात आपण पाहतो तितकंच पाहिलेही जातो. कॅमेरा चोरून टिपत नाही, समोर उभा राहून नजर देतो आणि घेतो. त्रिपुटीतलं तिसरं, ते मधलं पाहणं, इतकं दाट होतं की दोन टोकं पुसट होतात.

त्या चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. सगळा झगडा त्या एका ‘माझं’ या शब्दाचा आहे. आणि त्याच चित्रपटात पागनिसांनी गायलेलं ‘आधी बीज एकले’ आहे. एका बीजाचं रोप, रोपाचं झाड, एकाच्या पोटी कोटी कोटी, आणि शेवटी ब्रह्म एकलंच. हे तुकोबांनी लिहिलेलं नाही. ते चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलं. पण ते इतकं तुकोबांचं झालं की अनेकांना आजही तो अभंगच वाटतो. आमच्या आळीतल्या भजनी मंडळात म्हातारबुवा टाळ धरून ते म्हणायचे आणि शेवटी न चुकता, चालीत न बसणारं ‘तुका म्हणे’ जोडायचे. गाथेत शोधायला गेलात तर ते सापडणार नाही.